मी धानबँक, नाव बदलणार नाही

मी धानबँक बोलतेय. वेबसाइट आहे मी, दवनीवाड्याची.

मला रीतानं बनवलं. कॉलेज अर्ध्यात सोडलेली पोरगी, घरातले तिला रिकामटेकडी म्हणतात. तिच्या मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, यशोदाबाईनं, लुचई अन् दुबराज या जुन्या धानांचं बियाणं कोठीत जपलेलं. पेरणीआधी एक पायली न्यायची, पिकल्यावर सव्वा पायली आणून द्यायची. गावच्या बाया हसत हसत यालाच धानबँक म्हणायच्या. रीतानं तेच नाव मला दिलं. वर ठळक लिहिलं, 'खाते उघडा'. खाली नाव, गाव, मोबाइल नंबर. पार सालेकशाच्या बायांनी खाती उघडली. अशी तोऱ्यात होते मी!

मग मला उदारामकाकानं पाहिलं. रीताचा सख्खा काका. एका खोट्या बँकेच्या साइटनं त्याला लुबाडलं होतं. ओटीपी त्यानं स्वतःच वाचून दाखवला होता, तोही मोठ्यानं. तेव्हापासून 'बँक' दिसली की तक्रार. माझीही केली. जिथं माझं नाव नोंदलंय त्या कंपनीनं फिशिंगचा संशय म्हणून मला बंद केलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. ऐन पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या दिवसांत. कोणाला कोणतं बियाणं हवंय, ते माझ्याच पोटात अडकलं.

"नाव बदलून टाक ना वं," काका म्हणाला. "बँक म्हंजे पैशाचीच रायते. कायले भांडून राहिली?"

"तुमाले चोर वळखू आला नाही, मनून मी नाव बदलू?" रीता म्हणाली.

"मोठ्यायसंग असं बोलतेत का?"

यशोदाबाई सुपात धान पाखडत होती. "भाऊजी, चोरानं विचारलं तं सारं सांगतलं. अन् आमाले एक सवाल तुमाले विचारता नाही आला?"

काका उठून गेला.

कंपनीचंही तेच, नाव बदला, लगेच उघडतो. रीतानं भरलेल्या कोठीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ही आमची बँक, येऊन पाहा. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपल्यावर मला उघडलं. तोवर सालेकशाच्या बायांनी दुकानातलं बियाणं पेरलं होतं. अर्धं बियाणं कोठीतच पडून राहिलं. त्याचा राग आहे मला, अन् तो राहणार.

चोरांच्या साइटा बंद कराच. काकाला लुटणारी तर आधी करायला हवी होती. पण नुसता संशय असेल तर एक फोन लावा. रीताचा नंबर माझ्या पहिल्याच पानावर आहे, तेव्हाही होता.

आज मी चालू आहे, त्याच नावानं. परवा एक नवं खातं उघडलं. नाव उदाराम, गाव दवनीवाडा, पुढच्या पेरणीला लुचई एक पायली.

मी त्याला ओटीपी मागितला नाही.