लिंबेरिसच्या बापाची गोष्ट

हिल्डाबाई दर उन्हाळ्यात ग्रीसच्या मानी भागातल्या आमच्या गावी येऊन माझ्या खानावळीच्या वरच्या खोलीत राहायच्या. इंग्लंडात त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या जात, पण खरं नाव झालं ते आमच्या डोंगरांवरच्या प्रवासवर्णनानं. ते पुस्तक ग्रीकमध्ये आलं आणि गावानं वाचलं. त्यात लिहिलं होतं की, दोन घराण्यांच्या वैरात आमच्या गावातल्या लिंबेरिसचा बाप बंदूक टाकून पळाला.

त्यानंतर बाई आल्या, तेव्हा लिंबेरिस भरदुपारी खानावळीत शिरला आणि त्यांच्या टेबलावर बंदूक ठेवून समोर बसला.

"माझा बाप पळपुटा होता, हे कुणी सांगितलं? नाव घ्या."

"नाव घेणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "लिहिलं मी. काय करायचं ते मला कर."

"बऱ्या बोलानं सांगा!" त्यानं बंदूक उचलली.

मी त्याच्या आईला बोलवायला धावले, तर ती, म्हातारी गारुफालिया, दारातच उभी.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "तू पोटात होतास. मीच तुझ्या बापाचे पाय धरले, म्हटलं, पळ. आता तो जगल्याची लाज वाटते का रे तुला?"

लिंबेरिसची बंदूक खाली आली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस? ही परकी बाई माझ्याजवळ बसून ऐकत तरी होती."

त्यानं आईचा हात धरला आणि तिला घरी नेलं.

पुढच्या आवृत्तीत बाई ते पान काढणार होत्या. गारुफालियानं काढू दिलं नाही.