पेटीतला दिवस

‘दर्या म्हणता देवचंय नाय, आमी म्हणतव सोडूचव नाय!’

रापणीचे म्होरके असलेल्या दाजींची ही हाळी सत्यवानाच्या कानात चाळीस-बेचाळीस वर्षं राहिली आहे. पहाटेचं काळसर पाणी, होडीने समुद्रात अर्धगोल पसरलेलं रापणीचं जाळं, त्याचे दोन दोर वाळूवर आलेले, आणि एकेका दोराला पंधरा-वीस माणसं. दाजी पहिली ओळ टाकायचे, दुसरी सगळे उचलायचे, आणि ‘नाय’वर साऱ्या टाचा एकदम वाळूत रुतायच्या. पाठी पंधरा, पण रेलणं एकाच अंगाचं. सत्यवान नवा नवा दोराला लागला तेव्हा दाजी त्याच्या कानाशी येऊन म्हणाले होते, "हातान ओढू नको रे. हात दमतत. दोराक पाठ दी."

त्याने पाठ दिली. त्या पाठीवर त्याचं लग्न झालं, लेक दिव्या शिकून पनवेलला नोकरीला लागली, बायकोचं, सुगंधाचं, लांबलेलं आजारपण निघालं. चार वर्षांमागे सुगंधा गेली, आणि तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी पहाटे सत्यवान पुन्हा दोराला जाऊन उभा राहिला. घरात बोलणारं कोणी उरलं नव्हतं. किनाऱ्यावर निदान शिव्या घालायला गुरुदास होता. शेजारचा, बरोबरीचा, दोरावर कायम त्याच्या मागे उभा राहणारा.

गेल्या आषाढात वाडीत घरोघर ताप शिरला. व्हायरल आहे, म्हणाले. आठ दिवसांत सगळे उठले, सत्यवानही उठला. पण ताप जाताना रिकाम्या हाताने गेला नाही. विहिरीवरून कळशी आणली की छातीत कोणी जातं फिरवावं तसं व्हायचं, मधेच अडखळायचं, पुन्हा भरधाव सुटायचं. नारळी पौर्णिमेनंतर रापण सुरू झाली आणि पहिल्याच ओढीला त्याला कळलं, पाठ देणं आता आपल्याच्याने होत नाही.

सांगितलं असतं तर कोणी रागावलं नसतं. त्यांच्या रापणीचा रिवाजच होता: दोराला लागून म्हातारा झालेल्याचा, आजारी पडलेल्याचा वाटा बंद करायचा नाही, तो त्याच्या दारात पोचवायचा. दाजींचा वाटा सात वर्षं असा पोचत होता. मासळीची पिशवी पायरीवर ठेवायची, ‘दाजीनू, वाटो ठेवलंय हां’ म्हणायचं आणि निघायचं. ऊन चढायच्या आत बाजार गाठायचा असतो. कितीदा ती पिशवी सत्यवानानेच ठेवली होती. आतून दाजी विचारायचे, "आज काय काय गावला रे?" आणि हा चालता चालता, कुंपणाच्या बेड्याबाहेरून उत्तर द्यायचा. सात वर्षांत एकदाही तो त्या पायरीवर टेकला नव्हता. वाटा घरी येऊ लागला की माणसं यायची थांबतात, हे त्याला आता एकसष्टाव्या वर्षी समजलं, आणि दाजींना सांगायची सोय राहिली नव्हती.

म्हणून तो दोर धरून उभा राहू लागला. नुसता धरून. सगळ्यांबरोबर रेलायचा, टाचा रुतवायचा, दात आवळायचा. तोंड ओढत असायचं, पाठ ओढत नसायची. दोरच त्याला मागे मागे नेई. असे सहा-सात महिने निघाले.

दिव्याला मात्र फोनवर ऐकू गेलं.

"बाबा, तुमका दम लागता काय ओ?"

"नाय गो."

"मगे धापा कित्याक टाकतास?"

"आताच चलत इलंय."

"खंयसून?"

सत्यवान पलंगावर बसला होता. दिव्याने त्याच दिवशी सावंतवाडीच्या एका खाजगी दवाखान्यात नंबर लावला. त्यालाही तेच सोयीचं वाटलं. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेतच अर्धी वाडी भेटली असती. खाजगीत पैसे पडतात, पण ‘तू हंय कसो?’ असं कोणी विचारत नाही.

हृदयाच्या डॉक्टर दर गुरुवारी गोव्याहून येत. डॉ. नाझमीन, मूळच्या बांद्याच्या. त्यांनी छातीला थंडगार मलम लावून पडद्यावर त्याचं काळीज त्याला दाखवलं. एवढंसं होतं ते, एकसारखं मूठ वळत आणि सोडत होतं. एवढा वेळ कोणी त्याच्याकडे टक लावून पाहिल्याला चार वर्षं झाली होती.

"काम काय करता, काका?"

"रापण ओढतो."

"अजून? रोज?"

"रोज."

"ओढताना काय होतं?"

दवाखान्यातली शुद्ध मराठी तो जपून, नवा शर्ट जपावा तशी वापरत होता. "काही नाही," तो म्हणाला.

"आणि घरी?"

"घरी होतं. कळशी उचलली की. डाव्या कुशीवर झोपलं की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जड कामाला काही नाही आणि हलक्याला त्रास, असं सहसा होत नाही. बघा, विषाणू जातो, पण कधीकधी जाताना हृदयाच्या स्नायूला सूज ठेवून जातो. तुमची सूज उतरलेली दिसतेय. पण कामात असताना ठोके कसे पडतात ते बघायला हवं." त्यांनी काडेपेटीहून जराशी मोठी पेटी त्याच्यापुढे ठेवली, तिला पाच तारा होत्या. "ही चोवीस तास छातीला राहील. रोजचं काम करायचं. काही कमी नाही, काही जास्त नाही. आणि या कागदावर लिहायचं: किती वाजता काय केलं, काय वाटलं. उद्या पेटी आणून द्या. पुढच्या गुरुवारी रिपोर्टला येताना घरचं कोणीतरी बरोबर आणा."

घरचं कोणीतरी. एसटीत वेंगुर्ल्यापर्यंत तो त्याच दोन शब्दांशी बसून होता.

घरी येऊन त्याने कागद भिंतीला टेकवून ठेवला आणि इमानाने लिहू लागला.

४.०० – घरी आलो. काही नाही.
५.०० – विहिरीवरून कळशी आणली. छातीत धडधड, दम.
५.१५ – चहा केला. काही नाही.
७.०० – दिवा लावला. काही नाही.
७.४५ – जेवलो. पेज, सुका बांगडा. काही नाही.
८.१५ – दिव्याचा फोन. काही नाही.

मग चष्मा सारखा करून त्याने ते सगळं पुन्हा वाचलं. आपला दिवस कागदावर एवढासाच भरतो हे त्याला ठाऊक नव्हतं. सुगंधा असती तर पानाला पुरवणी जोडावी लागली असती: किती वाजता भांडलो, कशावरून, आधी कोण हसलं. भात लावताना ती एक ओवी म्हणायची,

‘दुखणा सांगू कोणा, बाये, भिंत बोलणा नाय,
दारातलो माड माझो, तो पण हलणा नाय.’

तेव्हा तो तिला म्हणायचा, गो, तुका खंयचा दुखणा? आणि चिखलातून वर न बघता ती म्हणायची, तुमी इचारलास तेवढ्यानच गेला.

सकाळी त्याने शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली, तारा दिसू नयेत म्हणून. गुरुदासने लांबूनच हेरलं.

"एवढे बुतांव लावन खंय चललंस रे मेल्या? सोयरीक बघूक?"

"थंडी वाजता."

"शिमगो इलो, नि हेका थंडी वाजता. आयकलास काय रे? नवरदेवाक कोणी तरी शाल घाला."

रांगेत हसू पसरलं. सत्यवानही हसला, आणि दोर हातात घेतला. छातीवर पेटी, पेटीत खरं-खोटं. आज एकदाच ओढावं, त्याच्या मनात आलं. एकदाच खरी पाठ द्यावी, म्हणजे जे सांगायचं ते पेटीच सांगेल, आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. त्याने टाचा रुतवल्या. पाठीत जोर आणला. कळशीच्या वेळचं ते जातं छातीत हललं मात्र, आणि त्याने जोर सोडून दिला. दोर त्याला मागे घेऊन गेला. मागून गुरुदासचा हुंकार आला, लांबलेला, दोनदा.

घरी येऊन त्याने लिहिलं: ६.३० ते ८.०० – रापण ओढली. काही नाही. कागदावरचं तेवढंच एक खोटं होतं. अक्षर मात्र तिथलंच सगळ्यात सुबक आलं.

पुढच्या गुरुवारी न्यायचं कोणाला, हा प्रश्न त्याने तीन दिवस लांबवला. शेवटी कुंपणापाशी उभा राहून म्हणाला, "गुरु, सावंतवाडीक येतंस? काळजाची साधी तपासणी केलेली, दिव्याच्या हट्टान. डॉक्टर सांगतत घरचा माणूस आण."

गुरुदास कुंपणाशी आला. मग म्हणाला, "घरचा माणूस म्हणान नेतंस, तर मगे जेवण घाल. मासळीचा. तुझी ती पेज नको."

डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा उलटसुलट केला.

"काका, रात्री थोडे जास्तीचे ठोके आहेत. कळशी आणलीत तेव्हा ठोके एकशे तीसवर गेलेत, हेही दिसतंय. पण साडेसहा ते आठ तुम्ही रापण ओढली असं लिहिलंय, आणि त्या दीड तासात ठोके ब्याऐंशीच्या वर नाहीत. ओढणाऱ्याचे ठोके वाढायलाच हवेत. वेळ लिहायला चुकलात का?"

चुकलो म्हटलं असतं की संपलं असतं. पण गुरुदास आधीच खुर्चीत पुढे सरकला होता.

"वेळ बरोबर आसा, डॉक्टर. साडेसहाकच दोर धरलो. ह्यो माझ्या फुडे होतो, मी साक्षीदार. बैलाचा काळीज आसा हेचा."

डॉक्टर हसल्या, तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "ओढताना खरंच असे ठोके असतील, तर काम चालू ठेवायला माझी हरकत नाही. घरच्या त्रासाला एक गोळी देते." त्या लिहू लागल्या.

सत्यवानाला हवं होतं ते हेच. दोरावरची जागा, कागदावर लिहून, सहीनिशी.

"बरा झाला," गुरुदास म्हणाला. "हल्ली दोर लय जड झालोहा, डॉक्टर. मासो कमी नि दोर जड, असा कधी झाला नव्हता. माझो ह्यो उजवो खांदो सकाळी वर येणा नाय. आता म्हातारो झालंय, दुसरा काय."

तो ते हसत म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, संशयही नव्हता. बोलता बोलता त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच चोळत राहिला. एसटीत सबंध वाटेवर कुठून तरी बामचा वास येत होता. तो पुढच्या सीटवरच्या बाईचा असेल असं सत्यवानाला वाटलं होतं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "लिहू नका."

पेन थांबलं.

"वेळ बरोबर आहे. पण मी..." शुद्ध मराठी तिथेच सरली. तो गुरुदासकडे वळला. "गुरु, तू म्हातारो नाय झालंस. दोर पण जड नाय झालो. मी ओढणंय नाय. नारळी पुनवेपासून एक दिस पण ओढूक नाय. नुसतो धरून उभो रवतंय. माझ्या वाटचा तू ओढतंस."

गुरुदासचा हात खांद्यावरच राहिला. बाहेर कंपाउंडरने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं, पण आत कोणी खुर्चीवरून उठलं नाही.

"सांगूक येय नाय असा नाय," सत्यवान म्हणाला. त्याचा आवाज आता इतका खाली आला होता की डॉक्टरही जरा पुढे झुकल्या. "सांगलंय असतंय तर तुमी माका घराक बसवलास असतास. घरात एकट्यान बसूचा माका भय वाटता रे."