तिसऱ्या रांगेचं माप

माणूस दिसला की मी आधी त्याचे खांदे बघतो, चेहरा नंतर. पंचवीस वर्षं शिंपीकाम केलं की असं होतं. एक खांदा उतरता आहे, पाठीला जरासं पोक आहे, हे मला समोरच्यानं तोंड उघडण्याआधीच कळलेलं असतं. कापडाच्या बाबतीत मी कधी अडखळत नाही, कात्री लावली की लावली. त्यामुळं दोन गाड्यांमधली एक निवडायला मला पाच आठवडे पुरणार नाहीत, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

घरात आम्ही सहा जण. मी, बायको, दोन मुली, सासूबाई आणि माझे बाबा. गाडी मात्र पाच जणांची. म्हणजे कुठंही निघालो की एक माणूस घरी राहणार, आणि तो माणूस दर वेळी बाबाच. ‘मला घरीच बरं वाटतं,’ असं म्हणून ते फाटक उघडून धरायचे आणि आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत हात हलवत उभे राहायचे. ते आम्ही खरं मानलं. खरं मानणं सोयीचं होतं, हे मी आज सांगू शकतो.

मग थोरलीची पोहण्याच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. तलाव घरापासून चार तासांवर. बाबांनी तिला पोहताना पाहिलंय ते फक्त फोनवर, आणि तिथंही दर वेळी विचारतात, “यातली आपली कुठली?” सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, त्यांना ओळखू कशी येणार? स्पर्धेची बातमी आली त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, “तिकडे बघायला बसतात त्यांना पायऱ्या असतात की खुर्च्या?”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. बाबांना यायचं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, तेसुद्धा असं आडून. स्पर्धेआधी तीन रांगांची गाडी घ्यायची, असं आम्ही त्याच जेवणात ठरवलं.

शोरूममध्ये दोन एसयूव्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकीचं नाक गोल, दुसरी डब्यासारखी चौकोनी. घरात त्यांची नावं गोलनाकी आणि चौकोनी अशीच पडली. किमती जवळपास सारख्या. तिथली विक्रेती उत्साही मुलगी होती, ती मला छत उघडून दाखवायला लागली. मी म्हटलं, “छताचं राहू दे, मागची रांग दाखवा,” आणि गळ्यातला टेप काढला.

“सर, मापं पत्रकात छापलेली आहेत.”

“छापलेल्या मापावर मी कुणाची बाहीसुद्धा कापत नाही.”

दोन तास मी त्या गाड्यांमध्ये रांगत होतो. दाराची रुंदी, सीटची खोली, गुडघ्यापुढची जागा, डोक्यावरची जागा, सगळं वहीत उतरवलं. घरी येऊन सहाही जणांची मापं घेतली. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, गाडी शिवून घेताय की काय?” धाकटी इतकी हसली की तिचं माप दोनदा घ्यावं लागलं.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. ती दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते, तिला माणसं रांगेला लावायची सवय आहे. “अहो, पण मागे बसणार कोण?”

“बाबा. आणखी कोण?”

माझा हिशोब सरळ होता. धाकटीला मागे बसलं की उलटी होते. थोरलीचे पाय लांबलचक. सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं. मी चालवणार, बायको माझ्याशेजारी बसणार, ती लग्नापासून तिथंच बसते. उरले बाबा. बाबाही लगेच म्हणाले, “मला कुठंही चालेल, मी काय, गाठोड्यासारखा बसेन.” बायको काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर टेपची गुंडाळी करायला घेतली होती.

वहीप्रमाणं गोलनाकी बाबांना अगदी बरोबर बसत होती. दोन इंच मोकळेही राहत होते. मी खुशीत बाबांना घेऊन शोरूममध्ये गेलो आणि तिथं माझी फजिती झाली.

झालं असं, की शिंपी माप घेतो ते उभ्या माणसाचं. गाडीत माणूस बसतो. बसलेल्या माणसाचे गुडघे कुठं येतात, हे माझ्या वहीत नव्हतंच. त्याहून वाईट म्हणजे त्या गुडघ्यांना आत जायचं कसं, हेही नव्हतं. गोलनाकीत मधल्या रांगेची एक सीट पुढं झुकवायची आणि चौदा इंचांच्या फटीतून मागे सरकायचं. बाबांचा एक पाय आत गेला आणि दुसरा बाहेरच राहिला. ना पुढं, ना मागं. विक्रेतीनं हात दिला, मी पाठीमागून आधार दिला. बाबा हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

चौकोनीत मधल्या रांगेत एक सीट दोघांची, एक सुटी, मधून नऊ इंचांची वाट. पण पायरी उंच. बाबा आडवे होऊन कसेबसे पोचले, बसले, तर गुडघे पार हनुवटीपाशी.

“कसं वाटतंय?”

“छान आहे,” बाबा म्हणाले.

“गोलनाकीपेक्षा छान?”

“तीही छान होती.”

यातून माणसानं काय समजायचं? एका गाडीत शिरता येत नाही पण शिरलं की बसता येतं, दुसरीत शिरता येतं पण बसवत नाही. परत येताना बाबा गुडघा चोळत बसले होते. सिग्नलला म्हणाले, “एवढी मोठी गाडी कशाला घेतोस? मला घरीच बरं वाटतं.” मी चिडलो. “आता तुम्ही मध्येच काही काढू नका, बाबा,” असं जोरात म्हणालो. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. सकाळी उठलो की गोलनाकी पक्की. दुपारपर्यंत चौकोनी. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागलो. समोरच्या चष्मेवाल्याकडं गोलनाकी होती. तो म्हणाला, डोळे मिटून घे. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, माझी विकायची आहे, घेतोस का? थोरलीला चौकोनीची मोठी काच आवडली, धाकटीला गोलनाकीतली कप ठेवायची जागा. सासूबाईंनी तीन दिवसांत तीन वेळा मत बदललं आणि चौथ्या दिवशी म्हणाल्या, माझं मत तर पहिल्यापासून एकच आहे. एका गिऱ्हाइकाच्या विजारीला मी दोन्ही पाय डावे कापले. माझ्या हातून असं आधी कधी झालं नव्हतं. बाबांनी ते कापड उचललं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं.

विक्रेतीचा फोन रोज येत होता. स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. मी दर वेळी सांगत होतो, उद्या कळवतो.

त्या बुधवारी मी बटणं आणायला घाऊक बाजारात गेलो होतो. बाबा हल्ली दुकानात काज-बटणं करतात, दुपारी मी जेवायला घरी गेलो की तासभर दुकान बंद ठेवून तिथंच पडतात. बाजारातलं काम लवकर आटोपलं, मी मागच्या दारानं आत शिरलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

कापायचं टेबल भिंतीला सरकवलं होतं. फरशीवर आमच्या खडूनं रेघा मारल्या होत्या, एका बाजूला निळ्या, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या. निळ्या रेघांत एक खुर्ची टेबलावर पुढं झुकवून ठेवलेली. पांढऱ्या रेघांत दोन खुर्च्या शेजारी शेजारी, मध्ये जेमतेम एक माणूस आडवा जाईल एवढी फट, अलीकडं पायरी म्हणून कापडाचा तागा. दोन्हीकडं मागे एकेक बुटका स्टूल. इस्त्रीच्या टेबलावर माझी वही उघडी होती आणि तिच्यावर टेप.

बाबांनी ताग्यावर पाय ठेवला. आधी डावा. खुर्चीची पाठ धरली, उजवा पाय आत ओढून घेतला, अंग वळवलं, फटीतून आडवे सरकले आणि स्टूलवर बसले. थोडा दम घेतला. मग हात गुडघ्यांवर ठेवून बाजूला बघत राहिले, खिडकीतून बाहेर बघावं तसे. तिकडं फक्त आमचं शिलाई मशीन होतं.

मग त्यांनी मला पाहिलं. चोरी पकडल्यासारखे उठायला गेले, पण त्या स्टूलवरून चटकन उठता येत नव्हतं.

“बाबा, हे काय चाललंय?”

“काही नाही रे. चौकोनीचं जमायला लागलंय. गोलनाकीला अजून दोन-तीन दिवस लागतील, तिथं गुडघा अडतो.” त्यांनी हाताला लागलेला खडू झटकला. “तू कुठली घेशील काही कळत नव्हतं. म्हणून दोन्हीची सवय करून ठेवतोय.”

“कधीपासून?”

“शोरूममधून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.”

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. पाच आठवडे मी मापं घेत होतो, माणसं विचारत होतो, बाबांवर खेकसत होतो. आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, ते माझ्या गोंधळाला पुरं पडावं म्हणून रोज दुपारी, दार बंद करून, दोन्ही गाड्यांत चढत होते. मला स्वतःचा भयंकर राग आला.

मी वही उचलली. सहा जणांची मापं एकाखाली एक. मी इतके दिवस फक्त बाबांची ओळ वाचत होतो. आता सगळी पाहिली. धाकटी सोडली तर घरात सगळ्यांत बुटकी माझी बायको, आणि सगळ्यांत चपळही तीच. शिंप्याला स्वतःच्या वहीत हे दिसू नये!

मी एक खुर्ची उचलून पांढऱ्या रेघांच्या पार पुढं ठेवली. शेजारी दुसरी, माझ्यासाठी.

“इथं बसा.”

“ती सूनबाईची जागा आहे.”

“ती मागे बसेल.”

“विचारलंस तिला?”

“नाही.”

“मग आधी विचार.”

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला. माझं सगळं ऐकून बायको म्हणाली, “मागे कोण बसणार, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.”

“हो.”

“मीच म्हणणार होते, मी बसते म्हणून. तुम्ही टेप गुंडाळत होतात.” मागे कुणीतरी तिला हाक मारली. “बसते मी. पण गाडी कुठली ते आज ठरवा, त्या मुलीनं आता मलाही फोन करायला सुरुवात केलीय.”

बाबा पुढच्या खुर्चीवर येऊन बसले. आरामात, पाय लांब सोडून. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. समोर आमच्याच दुकानाचं बंद शटर होतं.

“मग कुठली घेणार?” त्यांनी विचारलं.

मी वही चाळली. पुढच्या सीटची उंची मी एकाही गाडीची मोजली नव्हती. “खरं सांगू, बाबा? अजूनही काही कळत नाहीये.”

“मग आता कुठलीही घे,” बाबा म्हणाले, “पुढं बसायला शिकावं लागत नाही.” त्यांनी पाय थोडे आणखी लांब केले. “आणि तिची टोपी कुठल्या रंगाची असणार, ते तेवढं विचारून ठेव.”