रत्नप्रभाबाईंकडे जाण्याआधी

देवदत्त साळवे पहिल्यांदा रत्नप्रभाबाईंकडे गेला तेव्हा त्याची तयारी अगदी चोख होती. बायबलमधली वचनं पाठ होती, एक गीत मनात घोळवून ठेवलं होतं आणि पिशवीत सफरचंदं होती. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या मराठी चर्चमध्ये घरभेटीला जाणाऱ्यांचा एक छोटा गट होता. कोणी आजारी, कोणी एकटं, कोणी चर्चवर रुसलेलं, अशांकडे जाऊन बसायचं, त्यांच्यासोबत प्रार्थना करायची. देवदत्त या गटात नवा होता. अंधेरीच्या एका कंपनीत तो लिफ्टच्या तक्रारी घ्यायचा, म्हणजे दिवसभर चिडलेल्या माणसांशीच बोलायचा. म्हणून चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांना वाटलं, रत्नप्रभाबाईंसाठी हाच बरा.

रत्नप्रभाबाई पूर्वी त्याच चर्चमध्ये यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सर्वेश कॉलेजात असताना काविळीने गेला. त्याच्या अंत्यविधीला चर्चचे एक वडीलधारे सभासद उभं राहून म्हणाले की, आईने विश्वासाने प्रार्थना केली असती तर पोरगं वाचलं असतं. बाई तिथून उठल्या त्या परत आल्याच नाहीत. नंतर जे कोणी त्यांना भेटायला गेले, ते तोंड पाडूनच जिना उतरले.

देवदत्तने बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कुरिअर?"

"नाही काकू, मी चर्चमधून..."

"मग कुरिअरवाल्यासारखी बेल का वाजवतोस? घाईत आहेस?"

तरी त्यांनी आत घेतलं. बसायला मात्र सांगितलं नाही. देवदत्तने उभ्यानेच पहिलं वचन म्हटलं, दुसरं सुरू केलं, आणि नकळत त्याची नजर मनगटावर गेली.

"किती वाजले?" बाईंनी विचारलं.

"पावणेसहा," तो बोलून गेला.

"म्हणजे सहापर्यंत देवाचं प्रेम सांगून होईल. नंतर कुठे जायचंय?"

"मुलीला क्लासवरून आणायचंय," देवदत्त ओशाळून म्हणाला.

"मग जा ना! ती बिचारी क्लासच्या खाली उभी असेल. आणि ती सफरचंदं घेऊन जा, मला चावत नाहीत."

त्याच रात्री तो तणतणत कमलमावशींकडे गेला. कमलमावशी म्हणजे घरभेटीच्या गटाच्या प्रमुख. आयुष्यभर नर्सचं काम केलेलं, आता गुडघे धरून घरी बसलेल्या. सगळी हकिगत ऐकून त्या इतक्या हसल्या की मांडीवरची शेकायची पिशवी खाली पडली.

"हसताय काय मावशी! त्या बाईंचं काळीज दगड झालंय."

"दगड असती तर तुझी मुलगी खाली उभी असेल, हे तिच्या मनात आलं असतं का?"

देवदत्तने पडलेली पिशवी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "बरं, आता परत कधी जाऊ?"

"तिला भेटायचं म्हणून तुला आनंद होईल ना, तेव्हा जा."

"आणि नाही झाला तर?"

"तर जाऊच नकोस. अरे, ज्याला लागलेलं असतं ना, त्याला लगेच कळतं, समोरचा आपल्याला भेटायला आलाय की दुरुस्त करायला. वॉर्डात थंडीच्या दिवसांत मी आधी हात गरम पाण्यात धरायचे. गार हात लावला की पेशंट अंग चोरतो. तुझेही हात गार आहेत. प्रार्थनेत बस, गरम कर."

दुसऱ्या दिवसापासून देवदत्त पहाटे स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू लागला. 'प्रभू, त्या बाईंचं मन मऊ कर,' असं तो म्हणायचा आणि त्याचं त्यालाच वाटायचं, आपण वर तक्रार नोंदवतोय. आनंदाचा तर पत्ताच नव्हता. मावशींना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला बदल असं म्हणूच नकोस. तुला तिच्यात काय आवडतं, असं देवाला विचार, आणि गप्प बस."

गप्प बसणं फार जड गेलं. गप्प बसल्यावर वर आला तो रागच, आणि रागाखाली दिसली एक लाजिरवाणी गोष्ट. रविवारी भरल्या चर्चमध्ये आपण रत्नप्रभाबाईंना घेऊन येतोय आणि सगळे कौतुकाने बघताहेत, हे चित्र त्याने मनात कधीच रंगवून ठेवलं होतं. त्यात बाईंचा चेहरासुद्धा नीट दिसत नव्हता. त्याने ते जसंच्या तसं देवाला सांगून टाकलं. रडू आलं, आणि हलकंही वाटलं. त्यानंतर तो रोज फक्त बाईंचं आणि सर्वेशचं नाव घेऊन शांत बसायचा.

असेच काही आठवडे गेले. एका सकाळी चहा गाळताना त्याला एकदम ते वाक्य आठवलं, 'सहापर्यंत देवाचं प्रेम सांगून होईल.' आणि तो हसत सुटला. गाळणी हातात, चहा ओट्यावर. बायको दिशा धावत आली. त्याने सांगितलं तशी तीही ओट्याला धरून हसायला लागली.

"काय भारी बाई आहे रे! मला पण ने ना एकदा."

देवदत्त हसता हसता थांबला. त्यालाही जायचं होतं. खरंच जायचं होतं.

शनिवारी तो एकटाच गेला, हात हलवत.

"परत तू?" दारातून बाई म्हणाल्या. "आज कितीपर्यंत?"

देवदत्तला हसू आवरेना. बाईंच्या कपाळावर आठी पडली. "हसायला काय झालं?"

"काकू, त्या दिवशीचं तुमचं बोलणं आठवून आम्ही दोघं घरी पोट धरून हसलो."

आता वाट लागली, असं देवदत्तला वाटलं. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"मी टेलिफोन ऑफिसात होते," त्या सावकाश म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसायला मुली भांडायच्या. आणि सर्वेश तर ठसका लागेपर्यंत हसायचा. जेवताना बोलू नकोस म्हणायचा मला." त्यांनी साखळी काढली. "बस. उभा काय राहिलास?"

त्या बोलत राहिल्या आणि देवदत्त ऐकत राहिला. ऑफिस, नवरा, सर्वेशचं क्रिकेट. शेवटी अंत्यविधीचा तो दिवस आला. बाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"तुला काय वाटतं? माझीच प्रार्थना कमी पडली?"

एरवी त्याच्याकडे यावर एखादं वचन तयार असतं. आज तो म्हणाला, "नाही काकू. ते बोलणं साफ चुकीचं होतं. त्याच दिवशी कोणीतरी उठून तसं सांगायला हवं होतं."

बाई बराच वेळ रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "आज प्रार्थनाबिर्थना नको हं."

"बरं."

निघताना त्यांनीच विचारलं, "घरी करतोस माझ्यासाठी?"

"रोज."

"काय मागतोस?"

"हल्ली मागत नाही काही. तुमच्याबद्दल आभार मानतो."

"वेडाच आहेस. पुढच्या वेळी बायकोला आण."

तो दिशाला घेऊन गेला, मुलीलाही नेलं. नंतर त्याने पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते स्वतः जाऊन बाईंना भेटले आणि चर्चच्या वतीने त्यांनी क्षमा मागितली. त्यांना चहा मिळाला. 'वजन वाढलंय तुमचं,' म्हणून बिनसाखरेचा.

उपकारस्तुतीचा, म्हणजे देवाचे आभार मानण्याचा, सण आला. त्या दिवशी उपासनेनंतर चर्चच्या अंगणात लिलाव असतो. लोकांनी देवाला आणलेल्या भाज्या, फळं, केक बोली लावून विकायचे. यंदा लिलाव चर्चमधले दशरथ करत होते, पण त्यांचा घसा बसलेला. अंगणात कोणी लक्ष देईना. इतक्यात हातात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन रत्नप्रभाबाई फाटकातून आत आल्या.

"मी फक्त एवढं द्यायला आलेय," त्यांनी देवदत्तला बजावलं. "लगेच जाणार."

तिकडे दशरथ एक भोपळा धरून कुजबुजत होते. बाईंनी थोडा वेळ पाहिलं, मग त्यांना राहवेना.

"अहो, भोपळा विकताय की त्याला दफन करताय?"

सगळ्या माना वळल्या. मग एकच हशा पिकला. दशरथनी हात जोडून माइक पुढे केला. "तुम्हीच या, ताई."

बाई पुढे गेल्या. जुन्या लोकांना त्यांनी नावानिशी हाका मारल्या, नव्यांना शर्टाच्या रंगाने. कंजूस बोली आली की, "आवाज येत नाही, लाइन खराब आहे का?" म्हणून परत बोलायला लावलं. भोपळा देवदत्तच्याच गळ्यात मारला. पोरं तर हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. कमलमावशी आपले दुखरे गुडघे विसरून उभ्या राहिल्या आणि एका केकसाठी पाळकसाहेबांशी चढाओढ करू लागल्या.

लिलाव संपला. सगळे जेवणाकडे वळले, तेव्हा बाई एकट्याच रिकाम्या चर्चमध्ये शिरल्या. देवदत्त मागोमाग निघाला, तोच कमलमावशींनी त्याची बाही धरली.

"राहू दे तिला."

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, चेहरा धुतल्यासारखा.

"बिर्याणी संपवली वाटतं सगळ्यांनी," त्या म्हणाल्या.

दिशाने झाकून ठेवलेलं ताट पुढे केलं आणि शेजारची खुर्ची ओढली. बाई बसल्या, आणि भाताचा पहिला घास घ्यायच्या आधी त्यांनी डोळे मिटून मान खाली घातली.