पंचेचाळीसचा आकडा

अच्युत सालोडकरची छिन्नी तिसऱ्यांदा वाकली, तेव्हा मजीद उस्ताद ओरडले नाहीत. कॉलेजच्या वर्कशॉपात ते सगळ्यांवर ओरडत, नवीन प्राध्यापकांवरसुद्धा. त्या दिवशी मात्र त्यांनी बाकीच्या मुलांना जेवायला पिटाळलं आणि अच्युतला भट्टीपाशी थांबवून घेतलं.

छिन्नीला पाणी देण्याचं काम ऐकायला सोपं. पोलाद लाल तापवायचं, टोक पाण्यात बुडवायचं, दगडाने घासून चकचकीत करायचं आणि मागची ऊब पुढे सरकताना त्या चकाकीवर चढणारे रंग बघत राहायचं. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेला लागला की झटकन पाण्यात. उशीर झाला की धार मऊ पडते.

उस्तादांनी स्वतः एक तुकडा तापवला आणि चिमटा त्याच्या हातात दिला. "बैंगनी आए तो बोलना."

अच्युत डोळे ताणून बघत राहिला. काहीतरी सरकतंय एवढं कळत होतं.

"अब," तो म्हणाला.

"बैंगनी तो आके चला भी गया, बेटा." उस्तादांनी तुकडा बाजूला ठेवला. "तुमको दिखता ही नहीं."

अच्युतला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं, फक्त बाकीच्यांचा अंदाज चांगला आहे. शाळेत असताना गवतातला लाल चेंडू त्याला कधी सापडायचा नाही, पोरं हसायची, म्हणून त्याने खेळणंच सोडलं होतं. आईने पिकलेले टोमॅटो आणायला सांगितले की तो एकेक दाबून बघायचा. आता या सगळ्याचं एकच कारण कळलं.

"किसी को मत बताइए," तो कसाबसा म्हणाला.

"मैं क्यों बताऊँ?" उस्ताद म्हणाले, आणि त्यांनी त्याची छिन्नी स्वतः करून दिली.

त्या दिवसापासून अच्युत एकटा पडला. तसं पाहिलं तर बरखेड्यासारख्या कारखान्याच्या वसाहतीत एकटं पडणं अवघड होतं. सारखी क्वार्टर्स, सारखी कुंपणं, आणि कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. आजोबा छप्पन्न साली सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, बाबा कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागले, आणि अच्युत तिथे इंजिनियर होणार हे तो चौथीत असल्यापासून ठरलेलं होतं. शेजारपाजारचे लोक बाबांना विचारत, "सुधाकरराव, मुलगा कितव्या वर्षाला?" बाबा वर्ष सांगत आणि वर, "अजून दोन राहिली," असंही सांगत. अशा घरात ही गोष्ट बोलायची कुणाशी? आईशी बोलावं असं पुष्कळदा वाटलं. पण आईला कळलं म्हणजे बाबांना कळलं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी चौघांचा गट पडला. अच्युतने सुचवलं, पोलादाला पाणी देण्याची विजेची भट्टी करू, जिच्यात रंग बघायची गरजच नाही. तापमान काट्यावर वाचायचं.

"यार, उस्ताद नुसत्या नजरेने करतात ते काम," हेमंत म्हणाला. तो शेजारच्याच ब्लॉकमधला, लहानपणापासूनचा मित्र. "मीटर कशाला पाहिजे?"

याचं खरं उत्तर अच्युतला देता येईना. महिनाभरात तिघं दुसऱ्या गटांत गेले आणि तो एकटा उरला. गोविंदपुऱ्याच्या भंगारवाल्यांकडून त्याने भट्टीच्या विटा आणल्या, तार गुंडाळून कॉइल केली, प्रयोगशाळेतला मोडका मीटर दुरुस्त केला. रोज संध्याकाळी वर्कशॉप बंद होईपर्यंत तो तिथेच असायचा. उस्ताद जाता जाता डोकावत, एखादी छिन्नी घासून बघत. दोनशे ऐंशी अंशांवर काढलेली छिन्नी दगडावर वाजायची, पण वाकायची नाही. प्रोजेक्टमध्ये त्याला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्याला वाटलं, ही भट्टी कशासाठी केली हे विचारणारं इथे कुणीच नाही.

त्यानंतर कारखान्याची लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली, आणि यादीत त्याचं आणि हेमंतचं नाव लागलं. बाबांनी सबंध ब्लॉकमध्ये पेढे वाटले. वैद्यकीय तपासणी तेवढी बाकी होती.

तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात हे हेमंतनेच सांगितलं. "माझा चुलतभाऊ रेल्वेत लागला, त्याला हेच दाखवलं होतं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. अरे, तू असा पांढरा का पडलास?"

आणि अच्युतने सांगून टाकलं. उस्तादांनंतर हेमंत पहिलाच.  तिसऱ्या दिवशी तो चुलतभावाकडून एक कागद घेऊन आला. पुस्तकातले आकडे ओळीने लिहिलेले होते. "पाठ कर. तू एवढं थर्मोडायनॅमिक्स पाठ केलंस, हे काय घेऊन बसलास!"

अच्युतने पाठ केलं. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवलं असतं.

डॉक्टर वयस्कर होते, कंटाळलेले. त्यांनी पुस्तक उघडलं. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, बारा. पुढच्या पानावर त्याला तीन दिसत होतं, तो म्हणाला, "आठ." मग सत्तर दिसलं, म्हणाला, "एकोणतीस." पुढे तर नुसते ठिपकेच, आकडा कुठेच नाही, तो कागदाप्रमाणे बोलत गेला. डॉक्टर मान डोलावत पानं उलटत होते. चौदावं पान आलं. कागदावर इथे फुली होती, म्हणजे धड डोळ्यांच्या माणसाला इथे काहीच दिसत नाही. आणि अच्युतला तिथे पाच दिसला, अगदी लख्ख.

"काही नाही," तो म्हणाला. 

पान उलटलं. इथेही फुलीच होती. पण ठिपक्यांतून पंचेचाळीस असा वर आला होता, जसा शाळेच्या फळ्यावर खडूने लिहावा. एवढ्या पानांत न दिसलेलं दिसतंय म्हणून सांगितलं, दिसलेलं खोटं पाडलं; आता त्याच्याने राहवलं नाही.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

डॉक्टरांचा हात पानावरच थांबला. त्यांनी चष्मा काढला, त्याच्याकडे नीट बघितलं, मग पुस्तक मधूनच कुठेतरी उघडून त्याच्यापुढे धरलं. अच्युतने मान खाली घातली.

"आईच्या बाजूने येतं हे," डॉक्टर अर्ज भरता भरता हिंदीत म्हणाले. "आईला स्वतःला काही त्रास नसतो, पण मुलाला देते. तुमचा यात काही दोष नाही."

घरी त्याने एवढंच सांगितलं की रंग ओळखता येत नाहीत, म्हणून नापास केलं. बाबा उभेच राहिले. "असं कसं? घरात कुणाला नाही असलं काही! फेरतपासणी मागू." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि तुला हे माहीत होतं?"

"तीन वर्षांपासून."

"तीन वर्षं," बाबा म्हणाले आणि चपला घालून बाहेर पडले. त्या संध्याकाळी ते कुठे फिरले कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं कमी केलं.

आई तांदूळ निवडत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुझ्या मोहनमामाचंही असंच होतं. रेल्वेत गार्ड व्हायचं होतं त्याला. आमच्या वडिलांनी सांगितलं, घराबाहेर बोलायचं नाही." मग ताटातला एक खडा उचलून ती म्हणाली, "पण ते तुला कुठून आलं असेल रे?"

डॉक्टरांचं वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. "कुणास ठाऊक," तो म्हणाला.

हेमंत रुजू झाला. त्याला शिफ्ट लागली, नवे मित्र मिळाले. वाटेत भेटला की तो घाईने हात हलवायचा. कधी कधी अच्युतच गल्ली बदलायचा. उस्तादांनी गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या शेडच्या मालकाकडे शब्द टाकला, आणि तिथे हत्यारांना पाणी देण्याची भट्टी सांभाळायचं काम अच्युतला मिळालं. पगार बेताचा होता, पण मालक त्याच्या मीटरवर खूश होता. पुढच्या वर्षी बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईबाबा नागपूरला परतले. अच्युतने बाग सेवनियात एक खोली घेतली. दिवसभर काट्याकडे बघायचं, संध्याकाळी सायकलने परत यायचं, भात टाकायचा. एखाद्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळ झाली की त्याच्या लक्षात यायचं, सकाळपासून आपण तोंड उघडलेलं नाही.

दिवाळीनंतर इटारसीहून मोहनमामाचं पत्र आलं. 'ताईने कळवलं. एखाद्या रविवारी ये.' एवढंच.

मामा स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होता. पन्नाशीचा, अबोल माणूस. लग्नकार्यात कोपऱ्यात बसलेला असायचा. जेवणानंतर तो अच्युतला घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत गेला. तिथे एका बाकड्यावर दोघं बसले.

"तुझ्या मामीला अजून माहीत नाही," मामा म्हणाला. "बावीस वर्षं झाली. तिने साडी दाखवली की मी म्हणतो, छान आहे."

अच्युतला हसू फुटलं. किती महिन्यांनी तो हसला होता. मग त्याने मामाला छिन्नीची गोष्ट सांगितली, भट्टीची सांगितली, पंचेचाळीसचीही. मामा मध्येच म्हणाला, "मलाही दिसला होता तो. मीही बोलून बसलो."

एक मालगाडी धडधडत गेली. ती जाईस्तोवर दोघं थांबले.

"कुणाकडून येतं ते डॉक्टरने सांगितलं असेल तुला," मामा म्हणाला.

"हो."

"ताईला बोललास?"

"नाही."

"मीही माझ्या आईला नाही सांगितलं," मामा म्हणाला. "गेली बिचारी, शेवटपर्यंत नवऱ्याच्या घराण्याला बोल लावत."

त्याने खिशातून भाजलेल्या शेंगांची पुडी काढली आणि दोघांच्या मध्ये बाकड्यावर उघडून ठेवली. भोपाळच्या गाडीला अजून तास होता.