गाडी त्याची, माल आपला

मी दादाभाऊ. आळे गावात आमचा टोमॅटोचा प्लॉट हाय. व्हायरस आला की अख्खा प्लॉट उपटून फेकावा लागतो, म्हणून हात धुतल्याबिगर मी कुणालाच आत सोडत न्हाई. आन् माझीच पोरगी हर्षाली पुण्याच्या लॅबमधी व्हायरस वाढवती!

"आबा, आमी त्यातला रोग काढून टाकतो आन् चांगलं जनुक भरतो," ती बांधावर म्हणाली. "आजारी माणसाच्या पेशीत शिरायचं त्याला बरोबर जमतं."

"म्हंजी गाडी त्याची, माल आपला?"

"अगदी तसंच!"

लई बरं वाटलं. तरी म्हणालो, "आधी हात धू."

ती हसली. "धुतले. लॅबमधी मीबी हात धुतल्याबिगर कुणाला आत सोडत न्हाई. तिथं माझं नावच दादाभाऊ पडलंय."