तलावाच्या पोटातला ओटा

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. माणसं एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखतात, मी वजनावरून ओळखते. कोण धपकन बसतं, कोण आधी हात टेकतं, कोण मांडी घालतं, कोण पाय पोटाशी घेतं, हे सगळं माझ्या धाग्यांना पाठ असतं. म्हणूनच आज तुम्हाला एका अशा वजनाची गोष्ट सांगणार आहे, जे कुणाचंच नव्हतं.

माझा जन्म तुरुंगातल्या हातमागावर झाला. ज्या कैद्याने मला विणलं, तो काम करताना कधी बोलत नसे, गुणगुणतही नसे. निळा पट्टा, तांबडा पट्टा, पुन्हा निळा, आणि मधे फक्त फणीचा ठोका. हिवाळ्यातल्या एका प्रदर्शनात मला विकायला मांडलं होतं. तिथे इंदोरा वस्तीतला आनंदराव आला. तो कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचा, त्यामुळे माल पारखल्याशिवाय उचलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने मला उलटं करून पाहिलं, चिमटीत धरून ओढलं आणि बायकोला म्हणाला, "पाह्य इंदू, कशी ठोकून विणली आहे. पाणी टाकलं तरी खाली उतरायचं नाही." एवढं कौतुक मला पुन्हा कधी लाभलं नाही.

त्या घरात मी सुखात होते. लग्नाकार्याला मी गल्लीभर फिरायची. पौर्णिमेला वस्तीतली माणसं बुद्धवंदनेला माझ्यावर बसायची. विशाखा माझ्यावरच रांगली आणि तिच्या पाठचा मिलिंद माझ्यावरच पहिल्यांदा उभा राहिला. विशाखा सहा वर्षांची झाली, त्या उन्हाळ्यात शेजारचे लोक पचमढीला जाऊन आले. मग काय, घरात रोज एकच धोशा सुरू झाला.

"बाबा, आपण कधी जाऊन राहिलो पचमढीले?"

एके संध्याकाळी आनंदराव आणि इंदूबाई अंगणात माझ्यावर बसून विचार करत होते. पचमढी काही परवडणारी नव्हती. शिवाय एवढ्या लांबच्या प्रवासात मिलिंदला उलट्या होणार, हे ठरलेलंच. शेवटी इंदूबाईच म्हणाली, "सावनेरकडं सिंधूताई आहेतच ना? किती वर्षं झाली बोलावून राहिल्या. गावाजवळ तलाव आहे. पोरायले पाणी दिसलं की झालं. त्यायले पचमढी काय अन् तलाव काय!"

सिंधूताई ही आनंदरावाची थोरली चुलतबहीण. बेत तिथेच पक्का झाला. इतवारी स्टेशनावरून सकाळची छोटी रेल्वेगाडी धरायची, म्हणजे ऊन चढण्याआधी पोरं पोचतील. राहायला ताईंचं घर. दुपारी तलावावर जायचं, तिथेच जेवायचं, झाडाखाली झोपायचं. बरोबर तिखट पुऱ्या, उकडलेली अंडी, कैरीची चटणी आणि पाण्याची छागळ. बसायला मी. मीसुद्धा पहिल्यांदाच गावाबाहेर निघाले होते.

त्या चिमुकल्या गाडीत मी मिलिंदच्या बुडाखाली घडी होऊन बसले होते. खापरखेड्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसली तेव्हा तो टाळ्या पिटत माझ्यावर नाचला. इथवर सगळं तुमच्या-आमच्या सहलीसारखंच होतं.

मे महिना असल्याने तलाव आटला होता. पाणी मागे सरकत पार मध्यावर गेलं होतं आणि एरवी बुडालेली जमीन उघडी पडली होती. भेगाळलेला गाळ, काही वठलेली खोडं, आणि काठापासून थोड्या अंतरावर एक दगडी ओटा. चांगला चौरस, सपाट, जणू आताच कुणी धुऊन ठेवलेला. शेजारच्या एका वठलेल्या लिंबाची काटकुळी सावली त्याच्यावर पडली होती. ओट्यापर्यंत मुरमाची टणक वाट होती.

"बघ, आपल्यासाठीच करून ठेवला आहे," आनंदराव म्हणाला आणि त्याने मला त्या ओट्यावर पसरलं.

मित्रांनो, आजवर मी किती जमिनींवर पडले असेन. शेणाने सारवलेल्या, फरशीच्या, मातीच्या. जमीन कशीही असो, ती गप्प असते. तो ओटा गप्प नव्हता. एवढ्या उन्हात तो खालून गार होता आणि त्या गारव्यात कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं.

चौघंजण बसली. पुऱ्यांचा डबा उघडला. आणि तेव्हाच माझ्या कडेला, लिंबाच्या बाजूला, पाचवं वजन टेकलं.

फार हलकं होतं ते. उठू की बसू, अशा बेताने टेकलेलं. मी वाट पाहिली, कुणीतरी "या, बसा" म्हणेल. कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. फक्त विशाखाने आपल्या पुरीचा अर्धा तुकडा तोडला आणि त्या कडेला ठेवला.

"काहून वं, तिकडं काहून टाकून राहिली?" इंदूबाईने विचारलं.

"आजीले."

"कोणती आजी?"

"हे काय, बसली आहे ना! तिचं घर आहे हे. ती म्हणते, चूल तिकडं होती अन् जातं इकडं होतं."

आनंदराव हसला. "खेळून राहिली पोरगी. भातुकली आहे तिची."

इंदूबाई हसली नाही. तिने सहज त्या कडेवर हात ठेवला, आणि मला तिची बोटं आखडलेली कळली. भर दुपारी, कोरड्या ठणठणीत ओट्यावर, माझा तेवढाच कोपरा ओला झाला होता.

परत येताना विशाखा रडून गोंधळ घालत होती. तिला तिथेच राहायचं होतं. रात्री ताईंच्या अंगणात इंदूबाई नवऱ्याला म्हणाली, "उद्या दुसरीकडं बसू."

"आपण असल्या गोष्टी मानत नाही, इंदू. पोरायच्या मनात भीती घालू नको."

"भीती घालून नाही राहिली मी. सतरंजी ओली होती, एवढं सांगून राहिली."

"छागळ गळली असन."

दुसऱ्या दिवशी तो हट्टाने पुन्हा त्याच ओट्यावर गेला. सिंधूताई घरचं आटोपून मागून जेवण घेऊन येणार होत्या. ऊन रणरणत होतं. पाखरू बोलत नव्हतं. मिलिंद माझ्यावर झोपला, मग आनंदरावाचाही डोळा लागला, आणि मुलाला थोपटता थोपटता इंदूबाईची मान कलली.

विशाखाचं वजन माझ्यावरून उठलं. तिच्या पाठोपाठ ते हलकं वजनही उठलं.

मी हाक मारू शकत नव्हते. वस्तूंचं दुःख हेच असतं मित्रांनो, त्यांना सगळं कळतं आणि काही करता येत नाही. ओट्याच्या पलीकडे गाळ होता. वरून वाळलेला, खवले खवले झालेला, एखाद्या अंगणासारखा दिसणारा. खाली मात्र दलदल.

"आई!"

इंदूबाई दचकून उठली. विशाखा ओट्यापासून दोन माणसांच्या लांबीवर कमरेपर्यंत रुतली होती. रडत नव्हती. नुसती इकडेतिकडे बघत होती, कुणाला तरी शोधल्यासारखी. आनंदराव धावला आणि दोन पावलांतच गुडघ्यापर्यंत फसला. पाय उपसायला गेला तर आणखी खाली गेला. विशाखा आता छातीपर्यंत आत होती.

"मागं या!" इंदूबाई ओरडली. "उभे नका राहू! आडवे पडा!"

तिने झोपलेल्या मिलिंदला उचलून दगडावर ठेवलं, मला एका झटक्यात ओढलं आणि गाळावर लांबच लांब फेकलं. माझं एक टोक तिने स्वतःच्या पायाखाली ओट्यावर दाबून धरलं. आनंदराव कसाबसा माझ्यावर पालथा पडला आणि कोपरांवर सरकू लागला.

मी खाली जाऊ लागले. गार, काळा गाळ माझ्या कडांवरून वर चढला. एका धडधाकट पुरुषाचं वजन आणि वर भीतीचं ओझं. माझी वीण करकरली. मला वाटलं, आता आम्ही तिघंही जाणार.

आणि मग खालून कुणीतरी मला झेललं.

होय, खालून. आधी एक तळहात, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. भाकऱ्या थापून रुंद झालेले, भेगा पडलेले तळहात. गाळाच्या आतून ते मला वर रेटत होते. आनंदराव पुढे सरकेल तसे तेही पुढे सरकत होते. त्याने विशाखाच्या काखेत हात घातले, ओढलं, पुन्हा ओढलं. गाळाने तिला सोडताना मोठा पचकन आवाज केला. इंदूबाईने नवऱ्याचे पाय धरून दोघांना मागे खेचलं.

ओट्यावर चौघं एकमेकांना घट्ट धरून बसली होती, तेव्हा सिंधूताई आल्या. त्यांच्या हातातलं जेवणाचं गाठोडं खाली पडलं.

"इथं बसले होते तुम्ही? तुळसाबाईच्या ओट्यावर?"

मग त्यांनी सांगितलं. तलाव बांधला तेव्हा इथली वस्ती उठली. सगळे गेले, पण म्हातारी तुळसाबाई उठायला तयार होईना. लेकांनी तिला उचलून गाडीत घातलं. पहिल्या पावसाळ्यात तलाव भरू लागला आणि ती नव्या घरातून निघून गेली. कुणाला सापडली नाही.

"कोणाचं वाईट करत नाही ती," सिंधूताई म्हणाल्या. "पण आनंदा, माणसाच्या घरात बसायच्या आधी इचारावं तर लागते ना गा?"

विशाखा आईच्या पदरात तोंड खुपसून बोलली, "आजी मले अंगण दाखवून राहिली होती. माझा पाय फसला तं तीच रडली. मंग तिनं मले खालून धरलं."

 आनंदरावाने आपले चिखलाने माखलेले हात पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. इंदूबाईने ताईंच्या गाठोड्यातली एक भाकर काढून ओट्यावर ठेवली आणि हळूच म्हणाली, "माय, येतो आम्ही."

इंदोऱ्याला आल्यावर तिने मला कितीदा धुतलं. वरचा गाळ गेला, खालच्या बाजूचे काळे डाग गेले नाहीत. ते कसले, हे शेजारणी विचारायच्या. ती नुसती "तलावाचे" म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात पचमढीचं नाव कुणी काढलं नाही. तलाव त्या साली भरलेला होता, ओटा पाण्याखाली होता. आनंदरावाने मला बांधावर, आंब्याच्या सावलीत पसरलं. मुलं धावत येऊन मधोमध फतकल मारून बसली. त्याने पाण्याकडे पाहिलं. मग तो हट्टी माणूस म्हणाला, "थोडं सरकून बसा रे पोरायनो. तिकडं जागा राहू द्या."

कशासाठी, हे मुलांनी विचारलं नाही. ती सरकली.

आता गाद्या आल्या, खुर्च्या आल्या, आणि मी घडी होऊन माळ्यावर पडले आहे. माझी एक कड उंदरांनी खाल्ली आहे. जमलं तर वर्षातून एकदा मला ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि मित्रांनो, सुट्टीत लांब जा किंवा जवळ जा, पण जिथे सतरंजी पसराल ती जमीन कधीकाळी कुणाचं तरी घर होती. बसण्याआधी तिला विचारा. मोठ्याने विचारलं नाही तरी चालेल. तिला ऐकू येतं.